मोज्यातली बारोलो

टेबलावर वाईनच्या सात बाटल्या आणि सातही बाटल्यांना लोकरीचे मोजे चढवलेले, जुने, गुडघ्यापर्यंतचे, डोंगरात घालतात तसले, आणि प्रत्येकावर सेफ्टी पिनने कागदाचा आकडा लावलेला. मी म्हटलं धुतलेत ना. नोन्नो म्हणाले दोन धुतलेत, कुठले ते तू ओळखायचंस.

तर झालं असं की मी इटलीत तोरिनोत, म्हणजे तुरिनमध्ये, नोकरीला आहे, सहा वर्षं होतील आता, आणि मूळचा निफाड तालुक्यातला. घरी थॉमसनची बाग, मोठं होईपर्यंत द्राक्षं म्हणजे पेटी, शुगर किती आली आणि व्यापारी कधी येणार एवढंच माहीत. वाईन म्हणजे पाहुण्यांना घेऊन जायची नाशकातली जागा. इटलीत आल्यावर प्यायला लागलो, आवडायलाही लागली, पण लोक ते "ही ह्या टेकडीची, ती त्या टेकडीची" करतात ना ते मला कायम थोडं मार्केटिंग वाटायचं. हे ऑफिसातल्या एका दोस्ताला बोलून बसलो. त्याचे सासरे ला मोर्राजवळच्या गावात राहतात, वय ऐंशीच्या पुढे, सगळी पोरं त्यांना नोन्नो, म्हणजे आजोबा, म्हणतात म्हणून मीही. दोस्ताने ते जाऊन नोन्नोंना सांगितलं. दोन आठवड्यांनी निरोप आला की द्राक्षवाल्याच्या पोराला घेऊन ये, नोव्हेंबरात, आणि सेंट मारून येऊ नको.

ही गोष्ट २०२४ च्या नोव्हेंबरातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. बारोलो ही वाईन एकाच द्राक्षाची, नेब्बिओलो, दुसरं काही मिसळायला परवानगीच नाही. पिएमोंतेमधल्या लांगे भागातली अकरा गावं, बस, त्याच्या बाहेर पिकलं तर बारोलो म्हणता येत नाही. द्राक्ष तोडलं त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून धरून कमीत कमी ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ महिने लाकडात, आणि लेबलवर रिझेर्वा लिहायचं असेल तर ६२ महिने. आणि ह्या अकरा गावांत परत नाव असलेल्या टेकड्या आणि उतार आहेत, २०१० पासून त्यांची अधिकृत यादीच आहे, गावांची नावं धरून १८१. आपल्याकडे कसं, गट नंबर वेगळा पण शेताला नाव असतं, खालचं रान, वरचा माळ, पिंपळाचं वावर, तसंच. फरक इतकाच की इथे त्या वावराचं नाव बाटलीवर येतं आणि त्या नावाचे पैसे पडतात. चांगल्या टेकडीवर हेक्टरी दहा लाख युरो आणि वरही भाव जातो.

नोन्नोंनी सगळ्या बाटल्या २००४ च्या काढल्या होत्या. मुद्दाम. म्हणाले साल वेगळं असलं की तुम्ही टेकडीची चव सांगताय का पावसाची, कळत नाही. २००२ ला सप्टेंबरात गारपीट झाली, काहींनी त्या वर्षी बारोलो काढलीच नाही, २००३ ला युरोपभर ती प्रसिद्ध उष्णतेची लाट, आणि मग २००४, सगळं कसं शांत, हळूहळू पिकलेलं, मालही भरपूर. वीस वर्षांची वाईन. टेबलावर एक कागद, त्यावर सहा टेकड्यांची नावं: मोनविल्येरो, रोक्के देल्लानुन्त्सियाता, कान्नूबी, विल्लेरो, बुस्सिया, लाझ्झारितो. सहा नावं आणि सात बाटल्या? तर म्हणाले एक जास्तीची, लागली तर असावी. आम्ही सहा जण होतो, सगळे शिकलेले, दोघं तर इंजिनियर, एकानेही विचारलं नाही की जास्तीची म्हणजे कशाची.

मी सकाळी साडेआठलाच पोचलो होतो कारण मला उघडताना बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर दिवसातला सगळ्यात भारी भाग मला तोच वाटला. बाटल्या चार दिवस आधीच आडव्याच्या उभ्या करून ठेवलेल्या, म्हणजे गाळ तळाला बसतो. वीस वर्षांत वाईनमधला रंग आणि तुरटपणा एकमेकांना चिकटून खाली बसतात, बारीक काळसर चिखल, चहाच्या गाळासारखा, तो ग्लासात आला की तोंड कडू. बूच जुनं असतं, साधा स्क्रू घातला की त्याचा भुगा होतो, म्हणून ते दोन पात्यांचं ओपनर वापरतात, दोन पातळ पट्ट्या, एक लांब एक आखूड, बूच आणि काचेच्या मधे सरकवत सरकवत खाली न्यायच्या आणि मग पिळत वर ओढायचं. नोन्नोंचा हात थरथरतो, चहाचा कप धरला की बशी वाजते, पण ते ओपनर हातात घेतल्यावर हात एकदम स्थिर. एक मला करायला दिलं. मी अर्ध बूच आत ढकललं. ते काही बोलले नाहीत, फक्त गाळणी आणून ठेवली.

मग प्रत्येक बाटलीतून दोन बोटं वाईन काढून घेतली आणि बाटल्या तशाच उघड्या ठेवल्या. मी म्हटलं डिकँटरमध्ये, त्या रुंद काचेच्या भांड्यात, नाही ओतायची का, यूट्यूबवर तर सगळे ओततात. म्हणाले तरुण असेल तर ओत, धोपट, काही बिघडत नाही, पण म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून एकदम गार वाऱ्यात नाही उभं करत. बाटलीच्या गळ्यातून जेवढी हवा जाईल तेवढी पुरे, तीन तास.

उघडताना चौथ्या बाटलीशी नोन्नो थांबले. बूच नाकाला लावलं, मग ग्लास, मग माझ्याकडे दिला. मला वास लगेच ओळखू आला, पण वाईनमधला म्हणून नाही. पॅकिंगच्या दिवसांत अवकाळी आला की शेडबाहेर ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके भिजतात, आणि ते दोन दिवसांनी उचलले की जो वास येतो ना, तो. अगदी तोच. बुचाचा दोष. बुचात एक रसायन तयार होतं, टीसीए म्हणतात, अगदी कणभर पुरतं, प्यायला अपाय काही नाही पण वाईनचा सगळा वास खाऊन टाकतं. वीस वर्षं सांभाळलेली बाटली आणि आत ओला पुठ्ठा. नोन्नोंनी खांदे उडवले, मोज्यावरचा ४ तसाच ठेवला आणि बाटली कोपऱ्यात सरकवली, म्हणाले सगळ्यांना वास दे, फुकटचं शिक्षण आहे.

साडेअकराला बाकीचे आले. छत्तीस ग्लास. हो, सहा माणसं सहा वाईन, आणि ते ग्लास आधी पाण्याने नाही, वाईननेच विसळायचे. एका ग्लासात थोडी घ्यायची, फिरवायची, दुसऱ्यात ओतायची, असं करत छत्तीसच्या छत्तीस. ह्याला त्यांच्यात शब्दच आहे, अव्विनारे, म्हणजे ग्लासाला वाईन लावणं. कपाटाचा वास, साबणाचा वास जातो. आणि मधे एक पितळी भांडं थुंकायला. मी मनात म्हटलं ही तर पिकदाणी, आमच्या आजोबांची अशीच होती.

पहिला राऊंड. आधी रंग बघायचा, पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून. नेब्बिओलो मुळातच फिकी असते, तरुणपणीसुद्धा, आणि वीस वर्षांनी तर मधे डाळिंबी आणि कडेला विटकरी. आपल्याला वाटतं भारी रेड म्हणजे काळीकुट्ट हवी. ही समोर ठेवली तर घरचे म्हणतील पाणी घातलंय. आणि मग तोंडात घेतली की कळतं, फिकी दिसते पण तुरटपणा असा की हिरड्या कोरड्या. कच्ची सुपारी.

आता खरी अडचण. सगळे कागदावर लिहायला लागले आणि माझ्याकडे शब्दच नाहीत. नोन्नो सांगत होते, वाळलेला गुलाब, कात्रामे म्हणजे डांबर, ज्येष्ठमध, चामडं, जंगलातली ओली पानं. मी नाक खुपसून बसलोय, मला काही वाळलेला गुलाब दिसेना, कारण मी आयुष्यात वाळलेला गुलाब कधी हुंगलाय, पुस्तकात ठेवायचं वयही सायन्सच्या क्लासमध्ये गेलं. आणि मग तीन नंबर नाकाला लावली आणि एकदम डोक्यात घंटा. गुलकंद! अरे हा गुलकंद आहे, पानाच्या टपरीवरचा, बरणीचं झाकण उघडल्यावरचा. एकदा तो धागा सापडला आणि मग धडाधड यायला लागलं, तुरटपणा म्हणजे कात, ज्येष्ठमध तर आहेच, ती आंबट बाजू म्हणजे आमसूल, आणि मागून येणारं ते डांबर म्हणजे पहिल्या पावसात तापलेल्या रस्त्याचं. मी लिहिलं "मसाला पान, सुपारी जास्त". बाजूच्या बाईने माझ्या कागदात डोकावून विचारलं हे काय, मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पान, चुना, कात, आणि हो हो तेसुद्धा थुंकायचंच असतं, तर तिने ते फार गंभीरपणे लिहून घेतलं.

पहिल्या राऊंडच्या माझ्या नोंदी, जशाच्या तशा: एक नंबर हलकी, स्ट्रॉबेरी, पांढरी मिरी, वासाला एकदम पुढे, शरीराला बारीक. दोन नंबर जड, मनुका, थोडी सोया सॉस, गोडसर, रंग सगळ्यात ब्राऊन. तीन गुलकंद, मऊ, फर्स्ट क्लास. पाच म्हणजे दार बंद करून बसलेली, लोखंड, सुपारी, काही बोलायलाच तयार नाही. सहा नीटनेटकी, कुठलीही गोष्ट जास्त नाही, म्हणून मला जरा बोअर. सात छान, चेरी, तंबाखू, उभी राहिलेली.

एक वाजता जेवण, तोच दुसरा राऊंड. ताजारिन, म्हणजे भरपूर अंड्यांच्या पिवळ्या बलकाच्या केसासारख्या बारीक शेवया, बटरमध्ये, मग ब्राझातो, वाईनमध्ये तासन् तास शिजवलेलं मांस, आणि टोमा चीज. इथे कळलं की ही वाईन नुसती प्यायची गोष्टच नाही, बटर आणि मांसाबरोबर तो तुरटपणा विरघळतो, पाच नंबरने पहिल्यांदा तोंड उघडलं. जेवताना नोन्नोंनी ते ऐंशीच्या दशकातलं भांडण काढलं, तिथे प्रत्येक घरात ते अजून चालू आहे. जुनी मंडळी मोठाल्या जुन्या पिंपात वाईन मुरवायची, आणि नवीन पोरं फ्रान्स बघून आली आणि छोट्या नव्या ओकच्या पिंपाच्या, ज्याला फ्रेंचमध्ये 'बारीक' (barrique) म्हणतात, मागे लागली. नव्या पोरांतले एलिओ आल्तारे, ह्यांनी १९८३ मध्ये बापाची जुनी पिंपं चेनसॉने कापली, आणि बापाने वारसातून नाव काढलं, ही तिथली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. दुसरीकडे जुन्या मंडळींतले बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी लेबलवरच लिहिलं होतं "नो बारीक, नो बेर्लुस्कोनी", बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीतला राजकारणी. आणि नवी पोरं अजून एक करायची, उन्हाळ्यात अर्धे घड कापून खाली टाकायची, म्हणजे राहिलेले चांगले पिकतात. म्हाताऱ्यांना ते पाप वाटायचं. मी म्हटलं ह्यात काय एवढं, आमच्याकडे विरळणी वर्षानुवर्षं चालते, मजूर बायका कात्री घेऊन मणी मोजतात. नोन्नो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, तुझ्या बापाला बोलवायला हवं होतं, तू काय कामाचा.

मग आम्ही चालायला गेलो, ब्रुनातेच्या उतारावर ती रंगीत चॅपल आहे, १९९९ मध्ये सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट ह्यांनी रंगवलेली, पण धुकं इतकं की चॅपल पंधरा पावलांवर आल्यावर दिसली. नेब्बिया म्हणजे धुकं, द्राक्षाचं नाव त्याच्यावरूनच म्हणतात, ऑक्टोबरात धुकं उतरायच्या सुमाराला तोडणी असते म्हणून. वेली तिथे गुडघ्या-कमरेच्या उंचीवर, एकेक काडी तारेला वाकवून बांधलेली, मांडव नाही, आपल्यासारखे वाय आकाराचे अँगल नाहीत. मी खाली वाकून माती उचलली. फिकट, निळसर करडी, चिकट, समुद्राच्या तळाची माती आहे ती. नोन्नोंनी काठीने धुक्यातच पलीकडे दाखवलं, दिसत काही नव्हतं, पण म्हणाले ला मोर्रा आणि बारोलो ह्या गावांची ही बाजू तरुण माती, वाईन लवकर मऊ पडते, आणि तिकडे सेर्रालुंगा गावाची जुनी, कठीण, तिथली वाईन पोरं मोठी होईपर्यंत दम काढायला लावते. तरुण म्हणजे लाखो वर्षंच, पण ते असं बोलत होते जसं काही शेजारच्या दोन भावांबद्दल.

चार वाजता तिसरा राऊंड, त्याच ग्लासांतून. आणि इथे माझी सकाळची सगळी क्रमवारी पडली. तीन नंबरचा गुलकंद अर्धा उडालेला, छानच पण थकलेली. एक नंबर तर वासाने जवळजवळ घरी गेलेली. सहा, जिला मी बोअर म्हटलं होतं, ती तशीच्या तशी, सकाळी जेवढी होती तेवढीच, आणि आता मला तो तिचा मोठेपणा वाटायला लागला. आणि पाच नंबर! सकाळची ती लोखंडी कडी, ती उघडून आत आख्खं घर, गुलाब, डांबर, पुदिना, संत्र्याची साल, गिळल्यावर मिनिटभर तोंडात. मी तिला पिकदाणी दाखवलीच नाही.

आता ओळखायचं. मी फुल कॉन्फिडन्समध्ये. एक मोनविल्येरो, कारण ती सुगंधी आणि नाजूक म्हणून प्रसिद्ध. तीन रोक्के देल्लानुन्त्सियाता, ला मोर्राची मऊ. पाच लाझ्झारितो, सेर्रालुंगाची, उघड आहे. सात कान्नूबी, कारण सात मला आवडली आणि कान्नूबी सगळ्यात नावाजलेली, १७५२ साल लिहिलेली कान्नूबीची बाटली अजून आहे तिकडे. सहा विल्लेरो. आणि दोन बुस्सिया, आणि ह्याच्यावर तर मी भाषणच दिलं, की बुस्सिया खूप मोठी पसरलेली आहे, ही तिच्यातल्या कुठल्या तरी गरम, दक्षिणेकडच्या उतारावरची असणार, द्राक्षं जास्त पिकलेली, म्हणून मनुका. दोघांनी मान डोलावली. नोन्नोंनीसुद्धा डोलावली हो.

मोजे उतरायला लागले. एक, बरोबर. तीन, बरोबर. पाच, बरोबर, टाळ्या. सहा, कान्नूबी. ती "बोअर" वाली. ठीक आहे. मग नोन्नोंनी कोपऱ्यातली चार नंबर उचलली, ओल्या पुठ्ठ्यावाली, मोजा काढला. बुस्सिया. मी म्हटलं थांबा, मग दोन काय आहे? त्यांनी दोन आणि सातचे मोजे एकदमच ओढले. विल्लेरो आणि विल्लेरो. तोच उत्पादक, तेच साल, तेच लेबल.

एकाच खोक्यातल्या. २००८ मध्ये बाजारात आल्या तेव्हा सहा घेतल्या होत्या, तीन खाली तळघरात ठेवल्या आणि तीन मुलीच्या लग्नात दिल्या, मुलगी तोरिनोत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओव्हनच्या वरच्या कपाटात. चौदा-पंधरा उन्हाळे. माझ्या दोस्ताने मान खाली घातली, कारण कपाट त्याच्याच घरातलं. माझा तो दक्षिणेकडचा गरम उतार म्हणजे ह्याचं किचन होतं.

मला हसूही आलं आणि जरा गप्पही झालो, कारण हे मला माहीत असायला पाहिजे होतं ना, दुसऱ्या कुणाला नसेल तर मला. एकाच दिवशी एकाच बागेतून काढलेला माल, अर्धा लगेच प्रीकूलिंगला गेला आणि अर्धा गाडी बंद पडली म्हणून दुपारभर रस्त्यात उन्हात, आणि मग तिकडून फोन की दुसऱ्या पॅलेटचे देठ काळे पडलेत. मी लहान होतो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, ह्या एका गोष्टीवरून दोन दिवस जेवले नव्हते. आणि मी इथे माती, उतार, समुद्राचा तळ करत बसलो. बरं तेही खोटं नव्हतं, तीन ओळखल्या की मी, पाच आणि तीन ह्या दोन वेगळ्या जमिनी आहेत हे आता मला कुणी शपथेवर विचारलं तरी सांगीन. पण दोन विल्लेरोंमध्ये जेवढं अंतर पडलं होतं तेवढं त्या दिवशी टेबलावरच्या कुठल्याच दोन टेकड्यांमध्ये नव्हतं. नोन्नो दोन नंबर घेऊन किचनमध्ये गेले आणि उरलेल्या ब्राझातोच्या रश्श्यात रिकामी केली.

पाच नंबरमधली तिसरा हिस्सा उरली होती, ती मला बांधून दिली, बूच उलटं लावून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी वरणभात, वर तूप, लिंबाचं लोणचं. तिखट काही केलं नाही, तिखटाबरोबर हा तुरटपणा अंगावर येतो, एकदा मटणाच्या रश्श्याबरोबर करून बघितलंय, नको. तुपाबरोबर मात्र काय जमली राव. आणि नेमका आबांचा व्हिडिओ कॉल. मी ग्लास लॅपटॉपच्या मागे सरकवला आणि सगळं सांगितलं, म्हणजे पिण्याचं सोडून, टेकड्या, माती, मोजे, ओव्हनवरचं कपाट. कपाटाला आबा मोठ्याने हसले. मग विचारलं एकरी माल किती काढतात. मी म्हटलं हेक्टरी आठ टनांच्या वर परवानगी नाही, म्हणजे एकरी सव्वातीन. आबा थोडा वेळ गप्प. "सव्वातीन? अन् भागतं त्यांचं?" मी जमिनीचा भाव सांगितला, बाटलीचा सांगितला. त्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते स्क्रीनजवळ आले.

"तो पेला कशाला लपवतो मागं. दाखव इकडं, रंग कसा आलाय बघू."

मी दाखवला, दिव्यासमोर धरून, कडेचा विटकरी नीट दिसेल असा. आबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"एवढा फिका? माल कच्चा तोडला असंल."